कॅम्पसाइटवरचं विजेचं मीटर: अँपिअर म्हणजे पैसे नव्हेत

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आई आणि मी भाड्याच्या कॅम्परव्हॅननं जर्मनीत मोझेल नदीच्या काठाकाठानं फिरत होतो. एका संध्याकाळी छोट्याशा तळावर गाडी लावली. तिथं कमरेएवढा एक राखाडी खांब होता. त्यावर निळ्या झाकणांची चार सॉकेटं, प्रत्येकाशेजारी एक छोटा आकडा आणि खाली नाणं टाकायची फट. केबल जोडली, एक युरो टाकला, ०.०० चे १.०० झाले. आईला गारठा सोसत नाही म्हणून पंख्याचा छोटा हीटर लावला. अर्ध्या तासात गाडीत मिट्ट काळोख.

"अरे, फ्यूज उडाला वाटतं," आई म्हणाली.

टॉर्च घेऊन बाहेर गेलो. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा खटका, जागच्या जागी होता आणि आकडा पुन्हा ०.०० वर आला होता. बिघडलं काहीच नव्हतं. एका युरोची वीज संपली होती, एवढंच.

युरोपात कॅम्परव्हॅननं फिरणाऱ्यांना हा अनुभव आता वरचेवर येतो. पूर्वी बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या भाड्यात वीज धरलेली असायची, किंवा वर तीन-चार युरो दिले की कितीही वापरा. २०२१ च्या शेवटापासून गॅस आणि वीज महागत गेली, फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर तर दर भडकलेच. त्यानंतर अनेक कॅम्पसाइट मीटरकडे वळल्या. जर्मनीत मीटरची पद्धत आधीपासूनच रुळलेली होती, ब्रिटनमध्ये ती पुष्कळांना नवी आहे. रिसेप्शनवर हातात कागद मिळतो, त्यावर १६ अँपिअर, युनिटला अमुक सेंट, जोडणीचे तमुक युरो असं लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ काय हे सांगायला मागे रांग लावून उभ्या असलेल्या लोकांमुळे कुणाला वेळ नसतो. म्हणून हा लेख.

अँपिअर म्हणजे नळाची रुंदी, युनिट म्हणजे भरलेल्या बादल्या

सगळा गोंधळ या दोन शब्दांचा आहे, तेव्हा तो आधी मिटवू.

पाण्याचा नळ डोळ्यांसमोर आणा. नळ जितका रुंद, तितकं एका वेळी जास्त पाणी येणार. ती रुंदी म्हणजे अँपिअर. पाण्याचं बिल मात्र नळ किती रुंद आहे यावर येत नाही, किती बादल्या भरल्या यावर येतं. विजेची एक बादली म्हणजे एक युनिट. १,००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट जळतं. १०० वॅटचं दहा तास चाललं तरी तेवढंच. जर्मन किंवा फ्रेंच फलकावर यालाच किलोवॅट-तास म्हणतात, पण घरच्या बिलावरचं युनिट आणि हे एकच.

युरोपात वीज २३० व्होल्टची असते. अँपिअरला २३० नं गुणलं की एका वेळी किती वॅट ओढता येतील ते कळतं. ६ अँपिअरला १,३८० वॅट, १० अँपिअरला २,३०० आणि १६ अँपिअरला ३,६८०. फ्रान्समध्ये ६ किंवा १० अँपिअर असे पर्याय देऊन त्यानुसार ठरावीक भाडं घेण्याची पद्धत जुनी आहे. इटलीत काही जुन्या कॅम्पसाइटवर फक्त ३ अँपिअर मिळतात, म्हणजे जेमतेम ६९० वॅट. तिथं साधी केटलही लावायची सोय नाही.

१० अँपिअरच्या जागेवर २,००० वॅटचा हीटर चालू असताना २,२०० वॅटची केटल लावली की थोड्याच वेळात एमसीबी पडणार. यात पैशाचा प्रश्न येत नाही, नळ पुरला नाही इतकंच झालं. आमच्या गाडीत झाला तो दुसरा प्रकार. नळ भरपूर रुंद होता, पण बादली एकच विकत घेतली होती. काळोख दोन्हीकडे सारखाच, म्हणून आधी खांबाजवळ जाऊन बघायचं. एमसीबीचा खटका खाली असेल तर लोड जास्त झाला. खटका वर आणि आकडा शून्य असेल तर नाणं संपलं. शेजारचा मोठा, बटण असलेला खटका पडला असेल तर मात्र सावध व्हा. तो गळती शोधणारा खटका असतो, ३० मिलिअँपिअर इतकी किरकोळ वीज भलत्या वाटेनं गेली तरी तोडतो. तो परत परत पडत असेल तर केबल किंवा उपकरण ओलं तरी झालंय नाहीतर खराब तरी. बळेबळे वर करत बसू नका.

कमी वॅटची केटल पैसे वाचवत नाही

कॅम्पिंगच्या दुकानांत ७५० किंवा १,००० वॅटच्या 'कमी विजेच्या' केटल मिळतात. त्या घेतल्या की बिल कमी येतं अशी समजूत मी असंख्य प्रवाशांकडून ऐकली आहे. ती चुकीची आहे, आणि का चुकीची आहे हे एकदा कळलं की मीटरची भीतीच जाते.

एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ठरावीक उष्णता लागते, सुमारे ०.१ युनिट. २,२०० वॅटची केटल ती तीन मिनिटांत देते, ७५० वॅटची आठ मिनिटांत. वीज तितकीच. उलट जास्त वेळ तापत राहिल्यानं छोट्या केटलची थोडी उष्णता इकडेतिकडे जाते, म्हणजे कणभर जास्तच. छोटी केटल एमसीबी पडू देत नाही, हा तिचा खरा उपयोग, आणि ६ अँपिअरच्या जागेवर तो मोठा आहे. खिशाला मात्र फरक नाही. खिशाला फरक पडतो तो दोन कपांसाठी दीड लिटर पाणी उकळल्यानं.

गरम करणारं काहीही महाग, बाकी सगळं स्वस्त

कॅम्परव्हॅनमधली विजेची यादी केली तर दोन टोकं दिसतात.

एका टोकाला मोबाइल. एकदा पूर्ण चार्ज करायला ०.०२ युनिट पुरतात, पन्नास वेळा केला तर एक युनिट. एलईडीचे दिवे पाच-दहा वॅटचे, रात्रभर विसरले तरी मीटरला फारसं कळत नाही. लॅपटॉप ६० वॅटच्या आसपास. गाडीतली १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण रिकामी असली तरी भरायला सव्वा-दीड युनिटच्या वर जात नाही. चार्जर लगेच काढून ठेवा, दिवे बंद करा असं मुलांच्या मागे लागणारे आईवडील मी पाहतो तेव्हा सांगावंसं वाटतं, मुलांना राहू द्या, हीटरकडे बघा.

दुसऱ्या टोकाला हीटर. पंख्याचा २,००० वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. गाडीतच बसवलेली, गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारी हीटर यंत्रणा असेल तर तिला बहुधा ९०० आणि १,८०० वॅट अशा दोन पायऱ्या असतात. थंडीच्या रात्री थर्मोस्टॅट चालू-बंद होत धरला तरी आठ-दहा युनिट सहज जातात.

या दोन टोकांच्या मध्ये फ्रिज बसतो, आणि खरी गंमत इथं आहे. कॅम्परव्हॅनमध्ये दोन जातींचे फ्रिज असतात. एक घरच्यासारखा कॉम्प्रेसरचा, १२ व्होल्टवर चालणारा. त्याला दिवसाला साधारण अर्धं युनिट लागतं, उकाड्यात थोडं जास्त. दुसरा शोषण पद्धतीचा, गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा. यात कॉम्प्रेसर नसतोच. अमोनियाचं द्रावण तापवून थंडावा तयार करतात. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये स्टॉकहोमला ही रचना शोधली. तिचा जरासुद्धा आवाज येत नाही, गॅसच्या ज्योतीवरही ती चालते, म्हणून कॅम्परव्हॅनला इतकी सोयीची. पण वर काय म्हटलं ते आठवा: गरम करणारं महाग. हा फ्रिज आतून गार करत असला तरी मीटरच्या दृष्टीनं तो १०० ते १५० वॅटचा न थांबणारा हीटर आहे. चोवीस तासांत अडीच ते साडेतीन युनिट. तुमचा फ्रिज कुठल्या जातीचा हे ओळखायचं तर बटणांवर ज्योतीची खूण आहे का बघा.

आता हिशेब करू. दर युनिटला ६० सेंट धरा. जर्मनीत ५० ते ८० सेंट हा आकडा बऱ्याचदा दिसतो. उन्हाळ्यातल्या दोन माणसांचा, कॉम्प्रेसर फ्रिज, दिवे, मोबाइल आणि दिवसातून तीनदा चहा-कॉफी एवढा वापर असेल तर एक युनिट, म्हणजे ६० सेंट. तोच प्रवास शोषण पद्धतीचा फ्रिज विजेवर ठेवून केला तर साडेतीन युनिट, दोन युरो दहा सेंट. थंडीत विजेवर गाडी तापवली तर सगळं मिळून बारा युनिट, सात युरोंच्या वर. ठरावीक भाडं चार युरो असतं तर पहिल्या दोघांचं नुकसान झालं असतं आणि तिसऱ्याचा फायदा.

"मग ठरावीक भाडं काय वाईट होतं? कटकट तरी नव्हती"

कटकट नव्हती हे खरं. पण ठरावीक भाड्यात हीटर रात्रभर चालवणाऱ्याचे पैसे शेजारी जाकीट घालून बसलेला माणूस भरतो. वीज स्वस्त होती तोवर ते कुणाला बोचलं नाही.

त्यात आता विजेच्या मोटारी आल्या. समजा ६० युनिटची बॅटरी असलेली मोटार कुणी संध्याकाळी त्या निळ्या सॉकेटला लावली, दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण भरल्यावर काढली, आणि कॅम्पसाइटच्या मालकाला वीज ३५ सेंटनं पडते. चार युरोंच्या भाड्यात एकवीस युरोंची वीज गेली. शिवाय निळं सॉकेट तासन्‌तास पूर्ण लोड ओढण्यासाठी नसतं. अनेक कॅम्पसाइट मोटारी तिथं लावू देत नाहीत ते यामुळं.

आणखी एक कारण बाहेरून दिसत नाही. शंभर जागांची कॅम्पसाइट आहे आणि प्रत्येकाला १६ अँपिअर दिलेत असं धरा. सगळ्यांनी एकाच वेळी पुरेपूर ओढले तर ३६८ किलोवॅट लागतील. इतकी मोठी जोडणी क्वचितच कुणाकडे असते. सगळे एकदम ओढणार नाहीत या भरवशावर ती यंत्रणा उभी असते. मीटर लागलं की माणूस आपोआप जपून वापरतो आणि तो भरवसा टिकतो.

मला विचाराल तर मीटर न्याय्य आहे, पण एका अटीवर. दर आधी सांगितलेला हवा आणि मीटरचा आकडा दोघांनी मिळून पाहिलेला हवा. या दोन गोष्टी नसतील तर मीटरपेक्षा ठरावीक भाडं बरं, निदान किती जाणार ते तरी ठाऊक असतं.

नाणं, कार्ड, की कागदावरचा आकडा

नाण्याच्या मीटरचं आधी सांगतो. नाणं टाकण्यापूर्वी खांबावरचं स्टिकर वाचा. एका युरोला एक युनिट असं असेल तर ठीक. काही यंत्रं युनिट मोजत नाहीत, वेळ मोजतात: एका युरोला इतके तास. दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेळेच्या यंत्रावर फक्त मोबाइल चार्ज करणं म्हणजे पैसे वाया, आणि युनिटच्या यंत्रावर हीटर चालवणं म्हणजे आमची ती रात्र. उरलेलं नाणं परत मिळत नाही, म्हणून एकदम पाच-सहा नाणी टाकू नका. आम्ही हीटर बंद करून गॅसवर गाडी तापवली, दुसरा युरो टाकला, आणि सकाळी निघताना त्यातले ०.४३ शिल्लक होते. नुकत्याच आलेल्या एका जोडप्याला ते सॉकेट दाखवलं.

कार्डाची मीटरं याच जातीची, फक्त रिसेप्शनवर आधी कार्ड विकत घ्यावं लागतं. रिसेप्शन संध्याकाळी बंद होतं हे लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती तिसऱ्या प्रकारात, आल्यावर आणि निघताना आकडा लिहून घेण्याच्या. यात तीन गोष्टी सांभाळायच्या. एक, सॉकेटचा क्रमांक. एका खांबावर चार सॉकेटं असतात, आणि कुणीतरी आपली केबल घालायला तुमची काढून शेजारच्यात लावू शकतो. दोन, पहिला आकडा स्वतः बघा. आधीच्या पाहुण्यानं निघताना दिलेला आकडा तुमचा सुरुवातीचा म्हणून लिहिलेला असेल आणि मध्ये कुणी दोन तास फुकट वापर केला असेल तर तो तुमच्या नावावर.

तिसरी गोष्ट लाल आकडा. फिरत्या चाकांच्या मीटरवर शेवटचं चाक लाल असतं, किंवा लाल चौकटीत असतं. तो दशांश आहे. एका कॅम्पसाइटवर तीन रात्री राहून निघताना आमच्या बिलात ७१ युनिट आले. खांबाजवळ परत गेलो, मोबाइलमध्ये पहिल्या दिवशीचा फोटो काढलेला होता. सुरुवातीला ०४८२.६ आणि आता ०४८९.७, दोन्ही ठिकाणी शेवटचा आकडा लाल. म्हणजे ७.१ युनिट. काउंटरवरच्या मुलीनं लाल आकडाही साधा धरून ४८२६ आणि ४८९७ लिहिले होते. फोटो दाखवल्यावर तिनं लगेच दुरुस्ती केली, मनापासून माफीही मागितली. फोटो नसता तर ४२ युरो साठ सेंट भरावे लागले असते, प्रत्यक्षात भरले चार युरो सव्वीस सेंट.

"पण युनिटचा दर घरापेक्षा जास्त का?"

कधीकधी तो जास्त असतो त्याला सबळ कारण असतं. खांब, जमिनीखालच्या केबली, त्यांची तपासणी यांचा खर्च कॅम्पसाइटला बारा महिने असतो आणि पाहुणे पाच-सहा महिने. जर्मनीत काही ठिकाणी म्हणूनच युनिटचे पैसे वेगळे आणि जोडणीचे एकदाच दोन-तीन युरो वेगळे घेतात. एका रात्रीच्या मुक्कामाला हे जोडणीचे पैसे विजेपेक्षा जास्त होतात, तेव्हा एकच रात्र थांबणार असाल आणि गाडीची बॅटरी भरलेली असेल तर वीज नकोच म्हणून सांगा. ते चालतं.

ब्रिटनमध्ये याबाबत नियम स्पष्ट आहे. तिथल्या ऊर्जा नियामकानं, म्हणजे ऑफजेमनं, घरगुती वापरासाठी वीज पुन्हा विकणाऱ्यांवर कमाल दराचं बंधन घातलं आहे. १ जानेवारी २००३ पासून त्याचं सूत्र असं आहे की विकणाऱ्यानं स्वतः युनिटला जे भरलं तेवढंच तो तुमच्याकडून घेऊ शकतो, नफा लावू शकत नाही. खांबांच्या देखभालीचा खर्च युनिटच्या दरात लपवता येत नाही, तो जागेच्या भाड्यात किंवा वेगळा दाखवून घ्यावा लागतो. दर कसा काढला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. वीज भाड्यातच धरलेली असेल, मीटरनं मोजून विकलेली नसेल, तर मात्र हा नियम लागत नाही.

तरीही तिथला दर घरच्या बिलापेक्षा चढा दिसू शकतो, आणि त्यात लबाडी असेलच असं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारनं घरगुती दर सरासरी ३४ पेन्सवर रोखून धरला होता. कॅम्पसाइट व्यावसायिक ग्राहक, घरगुती दराची मर्यादा तिला लागू नव्हती. तिचा करार वाईट वेळी झाला असेल तर तिलाच वीज महाग पडते.

गॅस वापरला तर?

एक किलो प्रोपेन जाळलं की सुमारे १२.८ युनिटइतकी उष्णता मिळते. जर्मनीत सर्रास मिळणाऱ्या ११ किलोच्या सिलिंडरमध्ये त्या हिशेबानं १४० युनिट भरलेली असतात. तुम्ही सिलिंडरला किती दिले त्याला १४० नं भागा आणि खांबावरच्या दराशी ताडून बघा. किलोला दोन युरो पडले तर युनिटला सोळा सेंट होतात. धुरावाटे काही उष्णता बाहेर जाते हे धरूनही ६० सेंटच्या विजेपुढे गॅस पुष्कळ स्वस्त. शोषण पद्धतीचा फ्रिज दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास गॅस घेतो, म्हणजे साठ-पासष्ट सेंट, तर विजेवर दीड ते दोन युरो.

म्हणून मीटर असेल तिथं तापवायचं काम गॅसकडे आणि बाकी सगळं विजेकडे. ठरावीक भाडं असेल तिथं उलट करा, गॅस राखून ठेवा. मात्र गॅसची शेगडी पेटवून गाडी ऊबदार करायचा विचार कधीही करू नका. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडनं माणसं झोपेत दगावतात. बाहेर धुराडं असलेला, गाडीत कायमचा बसवलेला हीटरच वापरायचा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना हे बघून झोपायचं.

मीटर बरोबर चालतंय का, हे कसं कळणार?

पाच मिनिटांत कळतं. आधी गाडीतलं सगळं बंद करा, बॅटरीचा चार्जरही. आता मीटर जागच्या जागी थांबायला हवं. चालतच असेल तर एक तर गाडीत काहीतरी चालू राहिलंय, नाहीतर त्या मीटरवर दुसरंच कुणीतरी जोडलेलं आहे. केबल काढून पुन्हा बघा. केबल काढल्यावरही आकडा हलत असेल तर तिथंच फोटो काढून रिसेप्शनवर जा.

मग एक बारीक तपासणी. नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बहुधा १,००० असा आकडा छापलेला असतो. याचा अर्थ एका युनिटला दिवा हजार वेळा लुकलुकणार. १,००० वॅटची केटल एकटी चालू ठेवली तर एका तासात हजार, म्हणजे दर ३.६ सेकंदांना एकदा. एका मिनिटात सोळा-सतरा. केटल लावून आईला गाडीत बसवलं, मी खांबाशेजारी उकिडवा बसून घड्याळ लावून मोजले, सोळा भरले. केटलच्या तळावरच्या वॅटमध्ये आणि प्रत्यक्षात पाच-दहा टक्के फरक असतो, खांबावर व्होल्ट थोडे कमी असले तरी आकडा घटतो, तेव्हा पंधरा किंवा अठरा आले तरी मीटर ठीक आहे असं समजा. पंचवीस-तीस आले तर कॅम्पसाइटवाल्यांना दाखवा आणि दुसरं सॉकेट मागा. दाखवताना केटलसकट खांबाजवळ बोलवा, त्यांच्यासमोरच मोजा.